भांगातली भेग

११ फेब्रुवारी

दारावर थापा अजून चालूच आहेत, म्हणून अक्षर असं येतंय. न्हाणीघराच्या फरशीवर बसले आहे, पाठ दाराला लावून. कागद म्हणजे केसांच्या रंगाच्या खोक्यातली सूचनापत्रिका. मागची बाजू कोरी आहे. पेन्सिल तुझ्या दादाची. ती ह्या घरात कुठेही सापडते.

चिमे, कुणाला तरी सांगितल्याशिवाय दार उघडायचा धीर होत नाही, आणि फोन बाहेर आहे.

काल केसांना रंग लावला. नेहमीचाच, काळा. झोपताना टाळू खाजत होती. सकाळी उठले तर डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, कपाळ सुजून पुढे आलेलं. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. हे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "कोण पाहिजे?"

मला वाटलं थट्टा करताहेत. दिसतही होते मी भुतासारखीच. म्हटलं, "मीच आहे हो." तर ह्यांनी टेबलावरची लोखंडी मोजपट्टी उचलली. "माझी बायको कुठे आहे?"

मी आत पळाले आणि कडी लावली. आता बाहेरून म्हणताहेत, "तिला बाहेर पाठवा. तिच्या केसालाही धक्का लागला तर बघा."

माझ्यासाठीच भांडताहेत गं.

—

आता शांत आहे. मी आतून म्हटलं, "अहो, गॅसवर दूध आहे, जरा बघता का?" माझा आवाज ऐकला आणि थापा थांबल्या. "हो हो, बघतो," म्हणाले आणि गेले.

गॅसवर दूध नाहीच आहे.

तुझी वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटातून रंगाची सूचनापत्रिका निघाली तेव्हा हसले. उलटून मागची बाजू वाचली आणि हसू गेलं.

आधी माझ्या केस रंगवायच्या धंद्यातलं सांगते. पुन्हा तो रंग लावायचा नाही. दुसरा कुठलाही काळा रंगसुद्धा नाही, काळी मेंदी म्हणून विकतात तीही नाही. सगळ्यांत तेच एक रसायन असतं. वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस अंगाला चालेनासं होतं. मग शरीर ते विसरत नाही. पुढच्या वेळी सूज डोळ्यांवर थांबणार नाही, घशात उतरेल. आमच्या दुकानात एका बाईला उचलून न्यावं लागलं होतं. डॉक्टरांकडे गेलीस ना?

आता दादाचं. "जरा विसरतात" एवढंच तू दर वेळी लिहीत आलीस. हे जरा आहे का? पण मला वाटतं, सूज होती, टॉवेल होता, म्हणून तो गोंधळला असेल. सूज उतरली की ओळखेल. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आणि आता सुखाने म्हातारी हो. मी होऊन पाहिलंय. काही होत नाही, फक्त बसमध्ये लोक जागा देतात.

फोन का उचलत नाहीस?

तुझी चिमी


८ मार्च

चिमे,

फोनवर बोलायला लागले की हे दाराआड येऊन उभे राहतात. मग विचारतात, "कुणाला बोलावलंस? मला न्यायला येणारेत का?" म्हणून पत्रच बरं. लिहिताना दिसले तर शिवणाची मापं उतरवतेय म्हणून सांगते. गिऱ्हाइकांचे ब्लाउज अजून शिवते, त्यामुळे त्यांना पटतं.

डॉक्टरांकडे गेले होते. सुई टोचली. तू म्हणालीस तेच ते म्हणाले, फक्त जास्त पैसे घेऊन.

सूज उतरली. हे मला ओळखतात. तुझं म्हणणं खरं ठरलं असं लिहून पत्र संपवणार होते. पण एक सांगायचं राहतं.

तुझे दादा इमारती तपासायला जायचे तेव्हा भेगांचं काय करायचे, तुला ठाऊक आहे. भिंतीला भेग दिसली की तिच्या दोन्ही कडांना पेन्सिलीची खूण, खाली तारीख. पुढच्या खेपेला खुणांपलीकडे गेली असेल तर भिंत हलते आहे.

माझ्या भांगात पांढरं दिसायला लागलंय. बाकीचे केस काळे कुळकुळीत, आणि मधोमध बोटाच्या पेरापेक्षा अरुंद अशी पांढरी रेघ. परवा सकाळी ह्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. बराच वेळ बघत राहिले. मग कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे, दोन खुणा केल्या. खाली तारीख घातली. टोक बोथट होतं. दुखलं नाही.

तोंड धुताना मी खुणा पुसल्या तर हे चिडले. "खूण पुसायची नसते. वाढली की नाही हे मग कळणार कसं?"

मी हसून म्हटलं, "अहो, मी काय भिंत आहे?"

हसले नाहीत. म्हणाले, "घाबरू नकोस. पाया मजबूत आहे."

चिमे, अंगाला चालेल असं काळं काहीच नाही का? मी बूट पॉलिश लावून पाहिलं. उशीला लागलं आणि ह्यांनी उशी तपासायला घेतली.

तुझी वहिनी


१५ मार्च

वहिनी,

बूट पॉलिश! तीस वर्षं लोकांच्या डोक्यात हात घालून बसले आहे, पण हे नाही ऐकलं. पुन्हा लावू नकोस.

असं काळं नाही. असतं तर मीच लावलं नसतं का?

दोन गोष्टी सुचतात. सगळे पांढरे बाहेर येईपर्यंत डोक्याला रुमाल बांध. नाहीतर कापून टाक, अगदी मुलग्यासारखे बारीक. काळं सगळं जाईल, एकरंगी पांढरं राहील, रेघ उरणारच नाही. कुणाकडूनही कापून घे, वाकडंतिकडं झालं तरी वाढेल.

मी स्वतः आले असते. दुकानात फार गर्दी आहे, एक मुलगी सोडून गेली. पुढच्या महिन्यात बघते.

दादाची हत्यारांची पेटी अजून घरात आहे का? काही नाही, सहज विचारलं.

चिमी


२९ मार्च

चिमे,

सहज विचारलं नव्हतंस. मलाही ते सुचलं होतं, पण लिहिलंस आधी तू.

रुमाल बांधून पाहिला. ह्यांनी येऊन शांतपणे गाठ सोडली, घडी घालून रुमाल माझ्या हातात दिला. "झाकून काय होणार? आत चालूच राहणार ना ती?"

कापायचं म्हणशील तर नाही जमणार. का ते सांगते. रस्त्यावरून चालताना हे आता माझा हात धरत नाहीत, हात धरला की झटकतात. मागून चालतात आणि माझ्या वेणीचं टोक धरून ठेवतात. कोपऱ्यावरची पोरं हसतात, हसोत. एकदा मी वेणीचा अंबाडा बांधला होता, तर हे बाजाराच्या मधोमध उभे राहिले आणि रडायला लागले. वेणी गेली तर ह्यांना धरायला काही राहत नाही.

रेघ आता चांगली रुंद झाली आहे. रोज सकाळी खुणा, रोज तारीख. मी कपाळ धुवायचं सोडून दिलंय. गिऱ्हाईक आलं की पदर पुढे ओढते.

सोमवारी दुपारी मी मशीनवर बसले होते. हे समोर येऊन बसले आणि हाताखालच्या नव्या पोराला शिकवावं तसं समजावून सांगू लागले. "वरून लिंपून भागत नाही. लोक तीच चूक करतात. भेग भरायच्या आधी उघडावी लागते. छिन्नीने दोन्हीकडून रुंद करायची, आतला भुगा झाडून काढायचा, मग पाणी मारायचं आणि मग भरायची. नाहीतर महिन्याभरात पुन्हा वर येते."

आवाज अगदी पूर्वीचा. इतकं नीट, न अडखळता बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. एक क्षण मला बरंही वाटलं. मग ते काय बोलताहेत ते कळलं. माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

"दुखेल का?" मी विचारलं.

"भिंतीला कुठे दुखतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून गोंधळले. उठून खिडकीपाशी गेले.

त्याच संध्याकाळी पेटी खाली औषधवाल्याकडे नेऊन दिली. त्याच्या दुकानातच उघडून पाहिली. हातोडी होती, पट्ट्या होत्या, मोठी छिन्नी होती. लहान छिन्नी नव्हती.

मी सगळं घर शोधलं. त्यांचे खिसे, गाद्या, पिठाचा डबासुद्धा.

ह्या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही. आता त्यांच्याकडे पाठ करून मी भाजी चिरत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही, कारण सांगितलं तर ते ह्यांना घेऊन जातील, आणि तिकडे वेणी कुणाची धरणार?

तू ये. गर्दी असू दे.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

सोबत पार्सल आहे. पत्र आधी पूर्ण वाच, मग उघड.

रंग उतरवायच्या औषधाच्या चार बाटल्या आहेत. दोन एकत्र करून एकदा वापरायच्या, दोन ठेवणीला. ह्याने कायमचा रंगही उतरतो. ह्याच्यात ब्लीच नाही आणि तुला बाधलं ते रसायनही नाही, तरी आधी कानामागे थेंब लाव, दोन दिवस थांब आणि डॉक्टरांना बाटली दाखव. मग केसांना लाव, वर प्लॅस्टिकची टोपी घाल आणि थांब. केस पांढरे होणार नाहीत. वाळल्या गवतासारखे पिवळट होतील, कुठे कुठे तांबूस. पण पांढऱ्याशेजारी पिवळट असलं की रेघ दिसत नाही. भेग बुजेल. वेणीही राहील.

वास येईल. नासक्या अंड्यासारखा. खिडकी उघडी ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्या मुली हमखास विसरतात. ह्या औषधाने रंग केसातून निघत नाही, केसातल्या केसात सुटा होतो, एवढंच. त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते पाण्याने वाहून जावे लागतात. म्हणून धुवायचं. झालं असं वाटलं की आणखी धुवायचं. हात भरून आले तरी धुवायचं. कमी धुतलंस तर ते तुकडे आतच राहतात, हवा लागली की परत एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी केस होते तसे काळे. मी गिऱ्हाइकांना रडताना पाहिलंय.

दार आतून लावून घे. औषधवाल्याला सांगून ठेव. छिन्नी सापडेपर्यंत दादासमोर डोकं खाली घालून बसू नकोस. माझा दादा आहे तो. मला खांद्यावर बसवून पाण्याच्या टाकीवर चढायचा.

दुकानात गर्दी नाही, वहिनी. मागच्या वर्षी मी आले होते, केस पांढरे झाल्यावर पहिल्यांदाच. तू आत होतीस. दार त्याने उघडलं आणि म्हणाला, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "चिमी." तो हसला, मी हसले. मलाही वाटलं थट्टा. पण मग चार दिवस तो मला ताई म्हणत होता. अहो ताई. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तो इतक्या अदबीने बोलायचा की तुला वाटलं आमची काहीतरी गंमत चाललीय. चिमी हे नाव त्यानेच ठेवलंय. ते म्हणणारं आता दुसरं कुणी नाही, एक तू सोडून.

त्या दारात पुन्हा उभं राहायची मला भीती वाटते. तुझी भीती मोठी आहे हे कळतं. तरी वाटते.

चिमी


१७ एप्रिल, संध्याकाळ

चिमे,

खाली औषधवाल्याच्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. आजूबाजूला खोकी. डोक्याला त्याच्या बायकोचा टॉवेल. तुझे दादा वर झोपले आहेत, औषधवाला त्यांच्याजवळ आहे. कुणाला लागलेलं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचशील.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. कानामागे लावून पाहिलं, डॉक्टरांना विचारलं. आज दुपारी हे डुलकी घेत होते तेव्हा न्हाणीघरात गेले, कडी लावली, केसांना लावलं, टोपी घातली. टोपीतून तांबूस पाणी मानेवर उतरायला लागलं. आरशात पाहिलं तर काळं खरंच सुटत होतं. मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

मग नळाखाली डोकं धरलं. धुवायला नुकती सुरुवात केली होती. बाहेर ह्यांचा आवाज आला. "गळती! गॅसची गळती आहे!"

वास, चिमे. तू खिडकी उघडायला सांगितलं होतंस, मी उघडलीही होती, पण तो सगळ्या घरात पसरला. हे धावत होते. खिडक्या उघडल्याचे आवाज आले, मग स्वयंपाकघरात गॅसचा कॉक बंद केल्याचा. मग माझ्या डोक्यावरचं पाणी बारीक झालं आणि थांबलं. त्यांनी घराच्या पाण्याचाही कॉक बंद केला होता. घरात जे जे बंद करता येतं ते सगळं केलं.

मी ओरडले, "अहो, पाणी सोडा!" त्यांनी ऐकलं नाही. बादलीत तांब्याभर होतं तेवढं ओतून घेतलं. मग बाहेर यावंच लागलं.

केस खांद्यावर मोकळे, ओले, गवताच्या रंगाचे. भेग नव्हती. त्यांनी मला पाहिलं. मी हात वर करून डोकं झाकलं, आपोआप. पण त्यांनी काही केलं नाही. माझं कोपर धरलं, हळूच, परक्या बाईचं धरतात तसं. "बाई, घाबरू नका. तुम्ही बाहेर जिन्यात थांबा. माझी बायको आत आहे, तिला घेऊन येतो."

मला दाराबाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं.

मग मला शोधायला लागले. ह्या खोलीतून त्या खोलीत. "अगं! कुठे आहेस?" कपाटं उघडल्याचे आवाज. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "इथे आहे."

पावलं थांबली. भिंतीपाशी आली, जिना आणि घर यांच्यामधल्या. "भिंतीत?" ते म्हणाले. "घाबरू नकोस. काढतो तुला."

आणि छिन्नीचा आवाज आला.

ती कुठे होती मला अजून माहीत नाही. कशाने ठोकत होते तेही नाही, खलबत्त्यातला बत्ता असावा. मी गप्प राहिले, म्हटलं थांबतील. तर ते म्हणाले, "अगं, बोल ना, बोलत राहा," आणि जास्तच जोरात ठोकू लागले. मी बोलले की त्यांना जागा कळायची. गप्प राहिले की वाटायचं, मी गुदमरले. माझ्या बाजूने गिलाव्याला कानशिलाच्या उंचीवर फुगवटा आला. मी तिथे उभी राहून बघत होते. इतके दिवस ज्याची भीती होती तेच चाललं होतं, फक्त मी पलीकडे उभी होते.

शेवटी म्हटलं, "अहो, गॅसवर दूध आहे, जरा बघता का?"

थांबलं. "हो हो, बघतो."

तोवर औषधवाला वर आला होता. त्याने दारावर टकटक करून मोठ्याने म्हटलं, "साहेब, गळती बंद झाली. एकदा पाहणी करून घ्या." ह्यांनी लगेच दार उघडलं. केसांत, भुवयांत गिलाव्याचा चुरा, सगळं डोकं पांढरं. औषधवाल्याला म्हणाले, "आत एक बाई अडकली आहे." माझ्याकडे पाहिलंही नाही.

ह्यांना गोळी दिली आहे. केस अजून धुतलेले नाहीत. इथे नळाला पाणी सकाळी येतं. आता डोकं धुवायचा जीवही नाही माझ्यात.

उद्या वर गेले की ते पुन्हा विचारतील, कोण पाहिजे. हा प्रश्न रोज सकाळी ऐकायचा, आणि ती छिन्नी, दोन्हीत मला कशाची जास्त भीती वाटते ते आज कळलं. ते लिहीत नाही.

तू ये. दारात उभी राहू नकोस. आधी दाराआडून बोल, मग आत ये.

वहिनी


१८ एप्रिल, सकाळ

पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून इथेच लिहिते.

टॉवेल सोडला तेव्हा केस पुन्हा काळे झाले होते. पूर्वीइतके नाही, पण काळेच. भांगातली रेघ होती तिथे आहे. वेणी घातली आणि वर गेले.

औषधवाला खुर्चीत झोपला होता. हे भिंतीतल्या खड्ड्यासमोर बसले होते. मला पाहून उठले. "आलीस? कालपासून कुठे होतीस?"

"खालीच होते," मी म्हटलं.

"काल एक बाई आली होती. ओली चिंब. फार घाबरली होती बिचारी."

मग माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. भांगावरून बोट फिरवलं. "वाढलेली नाही," म्हणाले. पेन्सिल काढून आजची तारीख घातली. मी हलले नाही. छिन्नी खड्ड्याखाली चुऱ्यात पडली होती. ती मी पायाने पलंगाखाली सरकवली.

उरलेल्या दोन बाटल्या पार्सलात तशाच आहेत.

त्यांनी वेणीचं टोक धरलं. "चल, दूध बघायचंय." आम्ही स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंदच होता.